अंगाला जाणवत नाही तोवर

देवघराशेजारच्या फडताळात, अंगाऱ्याच्या पुडीला लागून, बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी असते. दहा गोळ्यांची. चार घरं फोडलेली, सहा तशीच. पट्टी आणून दीड महिना झालेला. बेळगावजवळच्या कडोलीत असो, येळ्ळूरला असो की खानापूरच्या एखाद्या वाडीवर, ही पट्टी हातात घेऊन नीट पाहिली तर तिच्या मालकानं काय विचार केला ते सगळं तिच्यावर उमटलेलं दिसतं. फोडलेली चार घरं म्हणजे दीड महिन्यात डोकं जड झालेले चार दिवस. बाकीच्या दिवशी डोकं दुखलं नाही, म्हणजे बीपी नव्हतं, मग गोळी कशाला?

अशा माणसाला निष्काळजी म्हणून मोकळं होता येतं, पण ते खरं नाही. निष्काळजी माणूस गोळ्या देवाशेजारी ठेवत नाही. यानं हिशेब करूनच गोळी घेतली आहे. त्या हिशेबात एकच गोष्ट चुकली आहे: बीपी वाढलं की अंगाला कळतं, असं तो धरून चालला आहे. आणि का धरू नये? ताप अंगाला कळतो, पायात मोडलेला काटा कळतो, पित्त खवळलेलं कळतं. जन्मभर शेतात किंवा मागावर राबलेल्या माणसाला शरीरानं प्रत्येक वेळी आधी सूचना दिलेली असते. आपल्या भाषेनंही तेच शिकवलं आहे. आजाराला आपण 'दुखणं' म्हणतो. जे दुखतं ते दुखणं. मग जे दुखतच नाही, त्याला काय म्हणायचं? रक्तदाब, साखर, गर्भाशयाच्या तोंडाशी सुरू होणारा कॅन्सर, ही सगळी सुरुवातीची कितीतरी वर्षं न दुखणारी दुखणी आहेत. त्यांच्यासाठी घरात शब्दच नाही आणि जिथं शब्द नाही तिथं धोरण कुठून येणार?

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. १९८५ साली अमेरिकेत मेयर, लेव्हेंथल आणि गुटमन यांनी रक्तदाबाच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. 'रक्तदाब वाढल्याचं माणसाला कळत नाही' हे बहुतेकांना मान्य होतं. पण 'मला स्वतःला मात्र कळतं' असंही बहुतेकांनी सांगितलं. एकच माणूस दोन्ही गोष्टी एकाच वेळी मानत होता. डॉक्टरांनी सांगितलेलं डोक्यात राहतं, अनुभवानं शिकवलेलं हातात राहतं, आणि गोळी उचलायची की नाही हे हात ठरवतो.

आता ती गोळी आत गेल्यावर काय होतं ते पाहू. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम घेतली, तर तिचं रक्तातलं प्रमाण सर्वांत वर जायला सहा ते बारा तास लागतात. ते निम्म्यावर यायला ३० ते ५० तास. रोज घेत राहिल्यावर तिचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात. ही गोळी मागच्या दहा गोळ्यांच्या खांद्यावर उभी राहून काम करते. सकाळी दहाला डोकं दुखलं म्हणून घेतली आणि अकराला बरं वाटलं, तर ते बरं वाटणं चहाचं, सावलीत तासभर टेकल्याचं. श्रेय मात्र गोळीला जातं आणि 'दुखलं की घ्यायची' हा समज आणखी पक्का होतो.

दुसरा समज याच्याच पोटातला: 'एकदा सुरू केली की सुटत नाही, सवय लागते.' गोळी बंद केली, महिन्यानं मोजलं, बीपी पुन्हा वर. 'बघा, सवय लागलीच की!' खरं तर गोळीनं दाबून धरलेला दाब तिनं हात काढल्यावर मूळ जागी आला. छत्री मिटल्यावर भिजलो म्हणून छत्रीची सवय लागली, असं आपण म्हणत नाही. एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मोकळेपणानं सांगायला हवी. अ‍ॅटेनोलॉलसारख्या काही गोळ्या एकाएकी सोडल्या तर नाडी आणि दाब उसळी मारतात, छातीत दुखू शकतं. म्हणजे लोकांच्या भीतीत खऱ्याचा अंश आहे. तो नाकारला की बाकीचं सांगणंही कुणी ऐकत नाही.

मग हा समज हलवायचा कसा? भाषणानं नाही. त्याच्यापुढं त्याचाच अनुभव ठेवून. एक साधी वही घ्यावी, मधोमध रेघ ओढावी. डावीकडं रोज लिहायचं, 'आज अंगाला कसं वाटतंय, बीपी किती असेल?' हे मशीन लावायच्या आधी, अंदाजानं. उजवीकडं खरा आकडा. चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ. घरात मशीन नसेल तर आशाताईंकडं किंवा उपकेंद्रात आठवड्यातून दोनदा मोजलं तरी चालेल, वही फक्त जास्त दिवस चालवावी. 'आज झकास वाटतंय' याच्यासमोर १६४/९८ आणि 'डोकं फुटायलंय' याच्यासमोर १३२/८४ असं दोन-चारदा आलं, की कुणी काही न सांगता माणूस वहीकडं बघत बसतो.

पण आकडा खरा यायला मोजणी नीट हवी आणि तिथंच सगळ्यात जास्त गफलत होते. बसमधून उतरून जिना चढून आलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा बांधू नये. पाच मिनिटं पाठ टेकवून गप्प बसवावं. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. लघवी तुंबलेली नको. तळवे जमिनीला टेकलेले, पाय पायावर नाही. दंड हृदयाच्या उंचीवर, टेबलाचा आधार देऊन. पट्टा उघड्या दंडावर; जाड स्वेटरवरून नको आणि बाही दंडाशी घट्ट गुंडाळूनही नको. मोजताना बोलायचं नाही. 'पोरगं पुण्याला असतं की' एवढं सांगतानाही आकडा वर जातो. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजावं आणि दोन्ही आकडे लिहावेत. दवाखान्यात पुन्हा पुन्हा वरचा आकडा १४० किंवा त्याच्यावर, नाहीतर खालचा ९० किंवा त्याच्यावर आला, तर ते वाढलेलं बीपी. एकाच दिवसाच्या एकाच आकड्यावर जन्माची गोळी सुरू झाली, की माणसाचा त्या निदानावर विश्वास बसत नाही, आणि त्यात त्याचं फारसं चुकत नाही.

आरोग्याच्या वागण्यामागचा विचार पद्धतशीरपणे शोधायला सुरुवात झाली तीही अशाच एका कोड्यातून. १९५० च्या सुमारास अमेरिकेत क्षयरोग लवकर सापडावा म्हणून छातीचा एक्स-रे काढणाऱ्या गाड्या लोकांच्या दारात नेल्या होत्या, फुकट. तरी लोक यायचे नाहीत. हॉकबाम नावाच्या संशोधकानं बाराशेहून जास्त माणसांना विचारलं. 'मलाही क्षय होऊ शकतो' आणि 'लवकर कळलं तर फायदा आहे' ही दोन्ही मतं असलेल्यांपैकी ८२ टक्क्यांनी आपणहून एक्स-रे काढून घेतला होता. दोन्ही नसलेल्यांपैकी फक्त २१ टक्क्यांनी. गाडी तीच, फुकट तितकीच. या कामातून जो विचार पुढं आला तो चार साध्या प्रश्नांत मावतो: मला होईल का? झालं तर किती मोठं? सांगितलेल्या उपायाचा उपयोग होईल का? आणि आड काय येतंय?

पहिल्या तीन प्रश्नांवर पत्रकं छापली जातात. सीमाभागात मात्र चौथ्यावर फार गोष्टी अडतात. बेळगावच्या वडगाव-शहापुरात मागावर बसणाऱ्याला ओपीडीचा एक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. वाडीवरून येणाऱ्याला परतीची बस दुपारचीच. आणि भाषा. गोळीच्या पाकिटावर कन्नडमध्ये लिहिलेलं, तोंडी सांगणं 'ऊटा आद मेले', म्हणजे जेवण झाल्यावर. बाजारहाटापुरतं कन्नड इथं सगळ्यांना येतं, पण 'जेवायच्या अर्धा तास आधी' आणि 'जेवल्यावर' यांतला फरक घाईत निसटतो. मान मात्र डोलते. शिकल्यासवरल्या माणसासमोर 'कळलं नाही' म्हणायला आपल्याकडं जीभ रेटत नाही. म्हणून 'कळलं का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. 'मावशी, घरी गेल्यावर सुनेला कसं सांगाल? मला सांगून दाखवा बघू' असं विचारलं की एका मिनिटात काय पोचलं आणि काय राहिलं ते समजतं. कुठल्याही भाषेत चालतं हे.

काही समज स्वतःच स्वतःला खरे करून दाखवतात. त्यांच्याशी झगडणं सर्वांत अवघड.

'इन्सुलिन म्हणजे शेवट.' हे वाक्य चिकोडीपासून भालकीपर्यंत ऐकू येतं. ते का टिकलं ते समजून घ्यायला हवं. इन्सुलिन शेवटचं असं मानल्यामुळं माणूस ते टाळतो. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड, गोळ्या कधी आहेत कधी नाहीत, असं करता करता पाच-सात वर्षं जातात. मूत्रपिंडं थकतात, पायाची जखम चिघळते, मग नाइलाजानं इन्सुलिन सुरू होतं आणि वर्षा-दोन वर्षांत माणूस जातो. गल्लीनं काय पाहिलं? इन्सुलिन सुरू झालं आणि माणूस गेला. पाहिलेलं खरं, काढलेला अर्थ उलटा. पुढच्या माणसाला तीच गोष्ट सांगितली जाते आणि तोही तितकाच उशीर करतो.

यात भर घालते ती एक अगदी यांत्रिक चूक. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, पेनमधलं १०० युनिटचं आणि काही बाटल्याही १०० च्या. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० च्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात २० नाही, ५० युनिट जातात. अडीचपट. तासा-दोन तासांत घाम, थरथर, बडबड, माणूस गार. 'इन्सुलिन सोसलं नाही' असं घर ठरवून टाकतं. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दर महिन्याला दुकानाच्या फळीवरच ताडून घ्यावा. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तर शुद्धीवरच्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा. उघडलेली बाटली उन्हापासून दूर, गार जागी साधारण चार आठवडे चालते. फ्रीज नसेल तर वाळू भरलेल्या मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवून, वाळू ओली राखून त्यात बाटली ठेवता येते.

काविळीच्या झाडपाल्याचं यश असंच. दूषित पाण्यातून येणारी 'ए' प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात जो कुणी औषध देईल त्याचं नाव होतं. सापाच्या मांत्रिकाचंही तेच. खानापूरच्या जंगलकडेला, उसाच्या फडात, भाताच्या खाचरात चावणारे कितीतरी साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी दरवेळी विष सोडतोच असं नाही. मांत्रिकाकडं गेलेल्या बऱ्याच जणांचं काही बिघडत नाही, ते गावभर सांगतात. ज्यांचं बिघडतं ते सांगायला राहत नाहीत. कडुलिंबाचा पाला कडू लागला म्हणजे विष नाही, ही परीक्षा कित्येक घरांत अजून होते. दवाखान्यातली परीक्षा दिसायला तितकीच साधी आहे. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत दोन मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपी करायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष काम करतंय. नाग आणि मण्यार यांच्या विषाचं मात्र या नळीत दिसत नाही. तिथं पापण्या मिटायला लागणं, गिळता न येणं पाहावं लागतं. मण्यार चावल्याची खूणही बऱ्याचदा सापडत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखतं आणि घर 'बाहेरचं' म्हणून अंगारा शोधत राहतं. प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळतं. त्याआधी पाय हलवायचा नाही, घट्ट आवळायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही.

याच्या उलट, काही भीती एके काळी अगदी बरोबर होत्या. 'कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं.' ही भीती खरी होती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस पोटातच टोचत, ती दुखायची आणि क्वचित मज्जासंस्थेला त्रासही द्यायची. भारतात तिचा वापर २००४ च्या अखेरीस थांबला. लस गेली, पण आज्जीनं सांगितलेली गोष्ट घरात राहिली, आणि त्या गोष्टीला भिऊन पोरं चावल्याचं लपवतात. आता दंडाच्या कातडीत ०.१ मिलिलिटरच्या दोन टोचण्या, त्याही ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पोटाचा काही संबंध नाही. हे पोरांना चावण्याआधी सांगून ठेवावं. चावल्यावर तिखट-चुना न लावता वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावं, घड्याळ लावून. माणसं दोन मिनिटांतच झालं म्हणतात. रक्त आलं असेल तर जखमेभोवती द्यायच्या सीरमबद्दल दवाखान्यात आपणहून विचारावं.

आणि काही रीती सांभाळण्यासारख्याही आहेत. बेळगावच्या टिळकवाडीत ज्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी लोक फिरायला जातात, तिथं एके काळी देवीची लस तयार होत असे. देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं. कांजिण्या आणि गोवर आले की दाराला कडुलिंबाचा डहाळा अजून लागतो. डहाळा दिसला की परका उंबरा ओलांडत नाही. साथ आवरायला याहून स्वस्त पाटी कुठली? तो डहाळा काढायला सांगणारा माणूस घराचा विश्वास गमावतो. डहाळा राहू द्यावा आणि एवढंच सांगावं की गोवराच्या लेकराला जीवनसत्त्व 'अ' चे दोन डोस लागतात, आज आणि उद्या, आणि ते डोळे वाचवतात. देवीचा मान आणि डोस एकाच घरात नांदू शकतात.

सगळ्यात गुंतागुंतीचा समज मला मिश्रीचा वाटतो. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेस्तोवर भाजतात. घरभर ठसका उठतो, शेजारची पोरं शिंकतात. मग चुरून, चाळून, डबीत. सकाळी पायरीवर बसून बोटानं हिरड्यांवर फिरवायची, दहा-पंधरा मिनिटं, नजर रस्त्यावर. 'दात घट्ट राहतात.' 'लावल्याशिवाय पोट साफ होत नाही.' पहिलं खरं नाही. हिरड्या मागं सरतात आणि मुळं उघडी पडतात. दुसरं मात्र अंगानं अनुभवलेलं आहे. निकोटिन आतड्याला चालना देतं आणि मिश्री सोडल्यावर पहिले काही आठवडे बद्धकोष्ठ होतो. हे न सांगता 'सोडा' म्हटलं, तर तिसऱ्या दिवशी ती बाई म्हणणार, आणि बरोबरच म्हणणार, की यांना काही कळत नाही.

त्यात निपाणी-चिकोडीकडं आणखी एक गाठ आहे. ज्या पिकानं घर बांधलं, पोरींची लग्नं केली, त्याला विष म्हणायचं कसं? शिवाय ती पायरीवरची पंधरा मिनिटं दिवसभरातली एकमेव वेळ असते जेव्हा सुनेला कुणी उठ म्हणत नाही. डबी काढून घेताना ती वेळही काढून घेतली जाते, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून वेळ तशीच ठेवावी, पायरी तशीच ठेवावी, डबीत साधी दातांची पूड यावी. दिवसातून चारदा असेल तर आधी दुपारची सोडावी, मग रात्रीची. सकाळची शेवटी, कारण ती सर्वांत हट्टी. तलफ येते ती तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरती बडीशेप किंवा लवंग तोंडात ठेवावी. उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी. चिडचीड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, हे घरातल्यांनाही आधीच सांगावं. पोटुशी असेल तर मात्र टप्प्याटप्प्यानं नको. बाळ वजनानं कमी भरण्याचा आणि पोटातच दगावण्याचा धोका खरा आहे, तिथं आजच सोडायला साथ द्यावी. १८००-११२-३५६ या फुकटच्या क्रमांकावर सल्ला मिळतो. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड, तीन बोटं आत न जाणं, यांतलं काही दिसलं तर दुखायची वाट पाहू नये. तोंडाचा कॅन्सरही सुरुवातीला दुखत नाही.

लोकांना घाबरवून काम होतं असं मानणारे पुष्कळ आहेत. १९६५ साली येल विद्यापीठात विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं दिली होती, काहींना भयंकर फोटोंची, काहींना साधी. भीती कमी-जास्त केल्यानं लस घेणाऱ्यांच्या संख्येत म्हणावा तसा फरक पडला नाही. पण ज्यांना दवाखान्याचा नकाशा देऊन 'तुमच्या आठवड्यात कधी जाल, कुठल्या वाटेनं जाल' हे ठरवायला लावलं, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. बाकीच्यांतले जेमतेम ३ टक्के. तो दवाखाना कुठं आहे हे बहुतेकांना आधीच माहीत होतं.

फडताळातल्या त्या पट्टीला हेच लागू पडतं. 'रोज घ्या' हे सांगणं झालं. 'सकाळचा चहा ओतला की बशीत गोळी' हे ठरवणं झालं. पट्टी देवघरातून उचलून चहाच्या डब्यावर ठेवावी, प्रत्येक घरावर बॉलपेननं वार लिहावा. बुधवारचं घर बंद दिसलं की घरातलं शाळकरी पोरगंही ओरडतं. एकादशीचं आधीच ठरवावं. बीपीची गोळी उपवासाला बहुधा चालते, पण ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी उपाशीपोटी घेतली तर साखर धोक्याइतकी खाली जाते. कुठली घ्यायची, कुठली नाही, किती घ्यायची, हे एकादशीच्या आधीच डॉक्टरांना विचारून वहीत लिहावं. आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माच्या जत्रेला सौंदत्तीला निघताना, ट्रॅक्टरात भांडी चढतात, परड्या चढतात, पीठ-मीठ चढतं, गोळ्या घरी राहतात. चार दिवसांचा मुक्काम असेल तर सहा दिवसांच्या गोळ्या मोजाव्यात, दोन दिवस वाटेत जास्त लागतातच. त्या वेगळ्या डब्यात नकोत, भंडाऱ्याच्या पिशवीत ठेवाव्यात. ती पिशवी कुणी विसरत नाही, आणि रोज सकाळी आईला भंडारा लावायला उघडावी लागतेच.